आडावरचा पत्रा

मित्रांनो, आधी जरा मागे सरा. आणखी एक पाऊल. हां, तिथे भिंतीच्या सावलीत बसा. तुम्ही ज्याच्यावर बसून डबा खायला निघाला होता, तो मीच.

मी एक जुना पत्रा आहे. सपाट नव्हे, नालीदार. अंगावर एक उंचवटा, एक खाच, पुन्हा उंचवटा, पुन्हा खाच. माझ्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवलेले आहेत आणि पाठीवर गंज चढला आहे. माझ्याखाली काय आहे ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तुम्ही वाकून बघाल, आणि नेमकं तेच मला नको आहे.

माझ्या जन्माची गोष्ट फार लांबवण्यासारखी नाही. पत्र्याला आई नसते. लोखंडाला लाटतात, जस्ताची आंघोळ घालतात, मुडपतात आणि ट्रकमध्ये टाकतात. माझा ट्रक लातूर ओलांडून किल्लारीच्या बाजूला गेला. त्र्याण्णव साल होतं. सप्टेंबरच्या अखेरीस तिकडची गावं भूकंपानं आडवी झाली, हे तुम्ही पुस्तकात चार ओळींत वाचलं असेल. मी त्या चार ओळींत पाच वर्षं राहिलो.

तिथली जुनी घरं दगडमातीची होती. भिंती हातभर जाड. त्याच भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या होत्या, म्हणून वाचलेल्यांना आता भिंत नको होती, दगड तर डोळ्यांसमोरही नको होता. त्यांना हलकं काहीतरी हवं होतं, जे अंगावर आलं तरी जीव घेणार नाही. म्हणून मला आणलं. लोकांनी मला हात लावून पाहिलं, वाजवून पाहिलं. माझं एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

मी नागाबाईच्या वाट्याला आलो. तिचा नवरा गेला होता, जया नावाची सहा वर्षांची मुलगी गेली होती. उरला होता व्यंकट, दहा वर्षांचा. मायलेकरं माझ्याखाली राहू लागली. खरं सांगतो, मी चांगलं घर नव्हतो. उन्हाळ्यात मी असा तापायचो की आत भाकरी नुसती ठेवली तरी कडक व्हायची. नागाबाई ओलं गोणपाट माझ्यावर टाकायची. त्यासाठी ती प्यायच्या पाण्यातून दोन तांबे बाजूला काढायची. स्वतः कमी प्यायची, पण पोराचं डोकं तापू द्यायची नाही.

व्यंकट अभ्यासू होता. दप्तर जमिनीवर ठेवलं की उंदीर वह्या कुरतडायचे, म्हणून त्यानं एक दिवस माझ्या अंगात खिळा ठोकून दप्तर टांगलं. पुढच्या पावसात तिथून पाणी ठिबकलं. नागाबाईनं रस्त्याच्या कामावरून डांबराचा गोळा आणला आणि भोक बुजवलं. पोराला रागावली नाही. "शिकायसाठीच भोक पाडलंय," एवढंच म्हणाली. तो डांबराचा डाग अजून माझ्या अंगावर आहे. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पाच वर्षांनी त्यांना पक्कं घर मिळालं. मी नागाबाईच्या शेळ्यांवर छप्पर झालो. व्यंकट अकरावीला लातूरला गेला. तेव्हा मराठवाड्यातल्या गावोगावचे आईबाप मुलांना लातूरला आणून सोडत होते. हदगावचा, लोह्याचा, देगलूरचा, कुठला कुठला मुलगा तिथे येऊन खोलीत राहायचा, कारण तिथं शिकलं की डॉक्टर होतो असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

व्यंकटला एका मोहल्ल्यात खोली मिळाली. शेजारी हनीफ पेंटर राहत होते. दुकानांच्या पाट्या, बसवरची अक्षरं, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, सगळं त्यांच्या हातचं. त्यांच्या दारासमोर मोहल्ल्याचा आड होता. तोंड लहान, एक माणूस कसाबसा उतरेल एवढं, पण पाणी गोड आणि बारमाही. व्यंकटच्या खोलीला नळ नव्हता. हनीफ पेंटरची बायको वहिदा हिनं त्याला स्वतःचा दोर आणि पोहरा दिला आणि या आडाची रीतही शिकवली. रीत अशी होती की आडावर आलेल्या माणसानं काढलेला पहिला पोहरा स्वतःच्या घागरीत ओतायचा नाही. शेजारी ज्याची घागर असेल त्याच्यात ओतायचा. हिंदू असो, मुसलमान असो, घागर ओळखीची असो नसो. कुणीच नसेल तर मुंडेरीवर, म्हणजे आडाच्या कठड्यावर, शेळ्याबकऱ्यांसाठी ठेवलेल्या कुंडीत. पहिला पोहरा दुसऱ्याचा.

हे मला कसं ठाऊक? व्यंकट सुट्टीत गावी यायचा आणि माझ्या सावलीत बसून आईला सगळं सांगायचा. मी वरून ऐकायचो. नागाबाईला त्या आडाचं भारी अप्रूप. ती लेकाला भेटायला लातूरला गेली की आधी वहिदाच्या दारात जायची आणि आडाचं पाणी मागायची. परत आली की शेळ्यांनासुद्धा त्या पाण्याची चव सांगायची.

व्यंकट डॉक्टर झाला नाही. थोडक्यात हुकलं. मग तो भौतिकशास्त्र शिकला आणि दुसऱ्यांच्या मुलांना डॉक्टर करायला निघाला. दोन हजार सहा साली त्यानं मोहल्ल्यापलीकडच्या रिकाम्या प्लॉटजवळ एक हॉल घेऊन क्लास उघडला आणि पाटीसाठी गावाहून मला आणलं. नागाबाईनंच आग्रह धरला होता. ज्याच्याखाली शिकलास तोच वर लाव, असं तिचं म्हणणं.

हनीफ पेंटरांनी मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे व्यंकट, हा तर नालीचा पत्रा हाय. याच्यावर अक्षर बसत न्हाई. सपाट आन."

"चाचा, माझं घर हाय ते. बसवा काहीबी करून."

"घर हाय असं म्हणून राहिलास तर बसवतो."

आणि त्यांनी बसवली. आधी खरवडून लाल प्रायमर दिला. मग निळीत भिजवलेला दोरा ताणून टणकन सोडला, तशी माझ्या अंगावर सरळ रेघ उमटली. उंचवट्यावर एक हात, खाचेत दुसरा हात, असं करत करत तीन दिवस अक्षरं काढली. काम झाल्यावर ते रस्ता ओलांडून समोर गेले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि हसत आले. माझ्या प्रत्येक उंचवट्याला दोन उतार आहेत, एक डावीकडे बघणारा आणि एक उजवीकडे. एका उतारावर लावलेला रंग दुसऱ्या बाजूनं येणाऱ्याला दिसत नाही. "हा पत्रा दुतोंड्या हाय," ते म्हणाले. "याच्यावर दोन चित्रं काढता येतील. हिकडून येनाऱ्याला एक, तिकडून येनाऱ्याला दुसरं." तेव्हा ती नुसती गंमत होती.

पुढची काही वर्षं माझी चलती होती. माझ्याखाली उभं राहून मुलांनी फोटो काढले. निकाल लागला की मला हार घालायचे. पहिल्या वर्षी चाळीस मुलं, मग चारशे, मग मला मोजता येईना. व्यंकटचा 'व्यंकटसर' झाला. रिकाम्या प्लॉटवर चार मजली होस्टेल उभं राहिलं. तेच, ज्यात तुम्ही राहता. आणि मग एक दिवस फ्लेक्स आला. त्यावर सरांचा हसरा चेहरा आणि पास झालेल्या मुलांचे फोटो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण फ्लेक्सचे नऊ दिवस कधी संपलेच नाहीत. दरवर्षी जुना फाडतात, नवा लावतात. मला उतरवलं. हनीफ पेंटरांचंही काम गेलं. त्यांचे ब्रश वहिदानं धुऊन, तेल लावून, फडक्यात बांधून ठेवले. ते लागतील असं तिला अजून वाटत होतं.

मला कुठे टाकलं सांगू? होस्टेलच्या कुंपणाला लागून, मोहल्ल्याच्या अंगाला बोअर पाडला होता. आठशे फूट खोल. त्याच्या स्टार्टरच्या पेटीवर पाऊस पडू नये म्हणून मला छप्पर केलं. मोटार दिवसभर चालायची. मी त्या पेटीला सावली दिली, पावसात कोरडं ठेवलं. भिंतीच्या पलीकडे वीस पावलांवर आड होता. आधी आडाला दोराचे बारा हात लागायचे, मग पस्तीस लागू लागले, मग पोहरा तळाच्या दगडावर आपटल्याचा आवाज भिंतीवरून यायला लागला. मला तो आवाज कळत होता. पण पत्र्यानं काय करायचं? मी काही केलं नाही, हे मात्र मला आजही खुपतं.

सोळा साली तर लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तुम्ही तेव्हा लहान होता. त्या उन्हाळ्यात आड पुरता आटला. पाऊस पडला, इतरांच्या विहिरींना थोडं थोडं पाणी आलं, या आडाला आलं नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वहिदा टँकरच्या रांगेत उभी राहू लागली. ब्रशांना लावायचं तेल संपलं तेव्हा तिनं नवं आणलं नाही.

हनीफ पेंटर तीनदा होस्टेलच्या गेटवर गेले. तिन्ही वेळा गेटवरच्या देविदासनं सांगितलं, सर बॅचवर आहेत. देविदास खोटं बोलत नव्हता. सर खरंच बॅचवर असायचे. एकेकाळी जो मुलगा हनीफ पेंटरांच्या दारात ओल्या केसांनी उभा राहून साबण मागायचा, त्याला भेटायला आता चिठ्ठी लिहावी लागायची. हनीफ पेंटरांनी चिठ्ठीही लिहिली, सुंदर वळणदार अक्षरात. त्यांचं मागणं एवढंच होतं की होस्टेलचे तीन बोअर आहेत, त्यातला भिंतीजवळचा एक दोन पावसाळे बंद ठेवावा. उत्तर आलं नाही.

आणि मग महोत्सव आला.

एकोणीस सालच्या फेब्रुवारीत व्यंकटसरांनी होस्टेलच्या मैदानावर 'पर्यावरण कला महोत्सव' भरवला. साऱ्या वस्तीसाठी. नाटक, नाच, पोवाडा, चित्रं. विषय हवामान आणि पाणी. आणि महोत्सवाचं घोषवाक्य काय होतं ठाऊक आहे? 'पहिला पोहरा दुसऱ्याचा'. ते मैदानभर लावलं होतं, फ्लेक्सवर. 'प्लास्टिक हटवा' हेही फ्लेक्सवरच होतं.

चित्रांसाठी एक अट होती. कागद, कॅनव्हास चालणार नाही, टाकाऊ वस्तूवरच चित्र काढायचं. हनीफ पेंटरांच्या मुलीनं, कहकशांनं, ती जाहिरात वाचली आणि तिला मी आठवलो. ती शाळेत चित्रकला शिकवायची. गेटवर जाऊन तिनं देविदासकडे मला मागितलं.

"न्या की, ताई. भंगारच हाय ते. मी पेटीवर दुसरा टाकतो."

भंगार. चालायचंच, गरज सरो वैद्य मरो.

वहिदानं फडकं सोडलं. हनीफ पेंटरांनी एकेक ब्रश बोटावर घासून पाहिला. आठ दिवस त्यांनी माझ्यावर काम केलं. माझे डावे उतार वेगळे, उजवे उतार वेगळे. होस्टेलच्या बाजूनं बघणाऱ्याला दिसावा म्हणून एका अंगाला भरलेला आड काढला. काठोकाठ निळं पाणी, मुंडेरीवर बायका, एकीच्या घागरीत दुसरी पोहरा ओततेय. मोहल्ल्याच्या बाजूनं बघणाऱ्याला दिसावा म्हणून दुसऱ्या अंगाला तोच आड कोरडा काढला. तळाला भेगा, रिकामा पोहरा, आणि जमिनीच्या पोटातून आडवी आलेली, होस्टेलकडे जाणारी एक काळी नळी. दोन्हीकडे मुंडेर तीच, दगड तेच. पुढून फिरत जाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत पाणी आटावं, अशी ती करामत होती. मी आयुष्यात पुष्कळ रंग अंगावर घेतले, पण त्या आठ दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की मी काहीतरी बोलतो आहे.

"अब्बू, सर बघतील ना?" कहकशांनं विचारलं.

"बघंल. लेकरू वाईट न्हाई ते. भेटत न्हाई एवढंच. चित्र बघायला तर येईल."

मला मैदानाच्या बरोबर मध्ये उभं केलं. एका अंगाचे उतार होस्टेलकडे, दुसऱ्या अंगाचे मोहल्ल्याकडे. आणि इथे एक चूक झाली. मंडप, खुर्च्या, पाहुणे, परीक्षक, सगळं होस्टेलच्या अंगाला. चालायला लाल सतरंजीही त्याच बाजूनं अंथरलेली. पाहुणे सतरंजीवरून आले, सतरंजीवरूनच गेले. एकानंही पाय सतरंजीबाहेर टाकला नाही. त्यांना सगळ्यांना निळं पाणीच दिसलं. परीक्षकांनी वही काढली आणि लिहिलं, आशादायी चित्र. हनीफ पेंटरांना उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर झालं. टाळ्या वाजल्या. त्यांच्या हातात प्रमाणपत्र आणि तुळशीचं रोप दिलं.

कहकशां व्यंकटसरांपुढे जाऊन उभी राहिली. "सर, जरा तिकडून बघा ना," ती म्हणाली. पण तेवढ्यात पाऊस सुरू झाला होता. म्हणजे खरा नव्हे. मुलींचा पावसावरचा नाच होता आणि खऱ्यासारखा वाटावा म्हणून गच्चीवरून पाईप सोडला होता. भिंतीजवळच्याच बोअरचं पाणी. ते मैदानावर पडलं, चिखल झाला, पाहुण्यांनी पाय वर घेतले. मोहल्ल्यातल्या चार बाया भिंतीवरून ते पाणी बघत होत्या.

व्यंकटसर भाषणाला उभे राहिले. ते चांगलं बोलतात, तुम्हाला माहीतच आहे. भूकंप सांगितला, पत्र्याचं घर सांगितलं, आईनं गोणपाट भिजवायला काढलेलं पाणी सांगितलं. मग आडाची रीत सांगितली. सांगताना त्यांनी डोळे पुसले आणि ते खोटं नव्हतं. हेच मला जास्त लागलं. माणूस खोटं रडला असता तर मी त्याला मनातून केव्हाच उतरवून टाकलं असतं.

नागाबाईला दिवा लावण्यासाठी गावाहून आणलं होतं. गेल्या तीन-चार वर्षांत तिचं लातूरला येणं झालं नव्हतं. दिवा लावून झाल्यावर ती नेहमीसारखी वहिदाच्या दारात गेली. त्या दोघींचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"वहिदा, पानी दे गं. आडाचं दे."

"आडात कुठं राहिलं पानी, नागाबाई? तीन वर्सं झाली."

"तीन वर्सं? व्यंकट तर काय बोलला न्हाई."

वहिदानं टँकरच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. नागाबाईनं तो हातात धरला, पण प्यायली नाही. तशीच मैदानाकडे आली, मोहल्ल्याच्या बाजूनं. माझ्यासमोर थांबली. आधी तिनं कोरडा आड पाहिला. मग तिची नजर डांबराच्या डागावर गेली. हनीफ पेंटरांनी तो रंगवला नव्हता, मुद्दाम तसाच ठेवला होता. तिनं त्यावर बोट ठेवलं. पंचवीस वर्षांपूर्वी जे बोट होतं तेच. मित्रांनो, पत्र्याला रडता येत असतं तर मी तिथेच रडलो असतो.

"व्यंकट," तिनं हाक मारली. "हिकडं ये."

"आई, पाहुणे बसलेत."

"बसू दे. हिकडून बघ म्हनून राहिले मी."

सर आले. सतरंजीवरून उतरले, चिखलातून माझ्या पुढून वळसा घालून आले. येता येता त्यांच्या डोळ्यांसमोर निळं पाणी तुटत गेलं आणि ते उभे राहिले तेव्हा कोरडा तळ आणि काळी नळी समोर होती. हनीफ पेंटर जवळ येऊन उभे होते, हातात तुळशीचं रोप घेऊन.

"पैला पोहरा दुसऱ्याचा म्हनलास ना मघाशी?" नागाबाई म्हणाली. "मग दुसऱ्याचा पोहरा कुठं हाय?"

"आई, सगळ्या लातूरचं पाणी खाली गेलंय. एकट्या माझ्या बोअरनं काय होतंय?"

"सगळ्या लातूरचं न्हाई मागून राहिलो, सर," हनीफ पेंटर म्हणाले. ज्याला ते अरे व्यंकट म्हणायचे, त्याला ते सर म्हणाले. "भिंतीजवळचा एक बंद करा. दोन पावसाळे. न्हाई आलं आडाला पानी, तर मी गेटवर येऊन माफी मागतो."

सरांनी मान खाली घातली. माझ्या मनात आलं, झालं, आता हा हो म्हणणार.

"चाचा, होस्टेलात आठशे लेकरं हायत. परीक्षा तोंडावर हाय. त्यांना मी काय सांगू? मे महिन्यात बघू. हाव, मेमध्ये नक्की बघू."

ती आठशे लेकरं म्हणजे तुम्ही, मित्रांनो. तुमच्या आधीची मुलं, पण तुम्हीच. तुमच्यावर माझा राग नाही. तुमची तहान खोटी नाही. आईबापांना सोडून तुम्ही इथे राहता, पहाटेपासून घोकता, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी तुमचं नाव पुढे करून एका माणसानं तोंड फिरवलं, आणि तुम्हाला ते कुणी विचारलंही नाही. गच्चीवरून जे पाणी नाचावर ओतलं, ते तुमच्या तोंडचं होतं, हेही कुणी सांगितलं नाही.

नागाबाईनं तांब्यातलं पाणी तुळशीच्या रोपाला घातलं. मुलाकडे जेवायला थांबली नाही. दुपारच्या एसटीनं गावी गेली.

दुसऱ्या दिवशी देविदास दोन माणसं घेऊन मोहल्ल्यात आला. उघडा आड धोक्याचा आहे, कुणाचं लेकरू पडेल, झाकून टाका, असा सरांचा निरोप होता. झाकायला काय, तर मी. टाकाऊतून टिकाऊ. देविदास मनानं चांगला माणूस. मला आडावर ठेवताना तो म्हणाला, "चाचा, चित्र खालच्या अंगाला करतो. वर ठेवलं तर उन्हानं रंग उडंल."

हनीफ पेंटर दारात उभे होते. "हाव," ते म्हणाले, "खालीच कर. ज्याचं हाय त्याला तरी दिसू दे."

मग चार दगड ठेवले. मे महिना आला. सर आले नाहीत, चौथ्या बोअरची गाडी आली.

तर मित्रांनो, माझ्याखाली काय आहे ते आता तुम्हाला कळलं. माझ्याखाली साठ फूट कोरडा आड आहे. त्याच्या तोंडावर निळ्या पाण्याचं चित्र पालथं पडलं आहे आणि ते बघायला आत कुणी नाही. कहकशां दरवर्षी माझ्या पाठीवर तांबड्या रंगानं 'पाय ठेवू नका' असं लिहायची. तिच्या वडिलांच्याच वळणाचं अक्षर. दोन वर्षांपूर्वी ती लग्न होऊन नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला गेली. हनीफ पेंटरांना आता दिसत नाही. अक्षरं गंजाबरोबर गळून गेली. म्हणून आज मलाच बोलावं लागलं.

माझं म्हणणं थोडंच आहे. कुणी भरलेलं पाणी दाखवलं तर सतरंजीवरून उतरा आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूनंही बघा. तुमच्या नावावर कुणी काही घेत असेल तर ते कुणाच्या घागरीतलं आहे हे विचारा. आणि होस्टेलवर जाऊन कुणा मोठ्या माणसाला सांगा की या आडाला धड झाकण घाला. पत्र्याचं झाकण पुरेसं नाही.

भूकंपानंतर लोकांनी मला आणलं, ते मी अंगावर पडलो तरी जीव घेणार नाही म्हणून. तो शब्द मी तीस वर्षं पाळला. पण डांबराच्या डागाभोवती गंजानं आता कडा खाल्ली आहे. काल तुमच्यातल्या एकानं माझ्यावर दप्तर टेकवलं, तेव्हा मी आतून करकरलो. त्याला ऐकू आलं नाही.

उठा. भिंतीच्या कडेकडेनं जा. माझ्यावर पाय देऊ नका, मला तुम्हाला धरता येणार नाही.